सांकेतिक भाषा

माझी मावसबहीण सरकारी वाहिनीवर रोज दिसायची, तरी रस्त्यात तिला कोणी ओळखत नसे. पडद्याच्या कोपऱ्यात बशीएवढी गोल खिडकी असायची, तिच्यात ती कमरेपासून वर दिसायची. मोठ्या पडद्यावर सरकारचा प्रवक्ता बोलायचा आणि तो बोलेल ते ताई हातांनी सांगायची. आमच्या इमारतीत तिचं नावच पडलं होतं, खिडकीतली ताई. जिन्यात कोणी भेटलं की मला म्हणायचं, "तुमची खिडकीतली आज दमलेली दिसत होती हो. जेवलीबिवली नव्हती का?" प्रवक्ता काय म्हणाला ते कोणाच्या लक्षात नसायचं.

मी तिच्या खालच्याच मजल्यावर राहते. त्यामुळे पुढे जे झालं त्यातलं बरंच मी पाहिलं, आणि उरलेलं तिने मला भाजी निवडता निवडता सांगितलं.

तिचे आईवडील, म्हणजे माझी मावशी आणि काका, दोघंही जन्माचे बहिरे. मावशी गेली त्याला बरीच वर्षं झाली. काका अजून कामावर जातात, सोफा-खुर्च्यांना कापड चढवायच्या कारखान्यात. सरकारी कागदावर त्यांना 'मूकबधिर' म्हणतात. त्यातल्या 'मूक'चा काकांना भयंकर राग. "बधिर म्हणा, कान गेलेच आहेत," ते हातांनी सांगायचे, "पण मूक कोण? माझ्याइतका बडबड्या माणूस दाखवा एक." आणि ते खोटं नव्हतं. काका रंगात आले की जवळपासच्या कपबशा उचलून ठेवाव्या लागायच्या.

घरातली ऐकणारी एकटी ताई. त्यामुळे फ्रॉकमध्ये असल्यापासून डॉक्टर, घरमालक, विजेचा मीटर बघायला येणारा, सगळ्यांशी बोलणं तिच्या गळ्यात. एकदा शाळेतल्या बाईंनी काकांना बोलावून तिची तक्रार केली. ही दोघांच्या मधे उभी राहून तक्रारीचं कौतुक करून सांगत होती. काका बाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघत होते. घरी आल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं. हात उचलला तो मारायला नाही, सांगायला. "तू मधली आहेस. मधल्या माणसाने आपल्या पदरचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं गाळायचं नाही. नाहीतर आम्ही भरवसा कोणावर ठेवायचा?" तेव्हापासून तिने ते धरून ठेवलं.

लग्न मोडून ती परत आली त्याच सुमारास माहिती खात्यात जागा निघाली. पदाचं नाव होतं 'सांकेतिक भाषा दुभाषी'. घरात आम्ही त्याला नुसतं हातांची भाषा म्हणायचो. ताईला पदाचं नाव जरा भारदस्त वाटलं, इतकंच.

काम सोपं नव्हतं. हातांच्या भाषेची एक पंचाईत आहे, तिच्यात कर्ता लपवता येत नाही. "जमावावर लाठीमार करण्यात आला" असं प्रवक्ता म्हणाला की ऐकणाऱ्याचं भागतं. हातांचं भागत नाही. कोणी मारलं आणि कोणाला मारलं, दोघांना हवेत समोरासमोर उभं करावं लागतं, मग एकीकडून दुसरीकडे हात जातो. प्रवक्त्याच्या वाक्यांत कर्ता क्वचितच असे. त्रुटी राहून जात, अटका होत, गैरसमज पसरत, निर्णय घेतले जात. ताई पत्रकार परिषदेच्या हॉलमधून घरी आली की चप्पल काढता काढता म्हणायची, "आजही कोणीच काही केलं नाही बघ. सगळं आपलं आपण झालं." मग काय करायची ती? प्रवक्त्याच्या पाठीमागे भिंतीवर सरकारचं मोठं बोधचिन्ह होतं. कर्ता सापडला नाही की तिचा हात तिकडे जायचा. आमचे काका म्हणायचे, या देशात बातम्या नीट ऐकू येतात त्या फक्त बहिऱ्यांना.

प्रवक्ता पूर्वी कॉलेजात भाषा शिकवायचा. बोलायला गोड, वागायला त्याहून गोड. ताईसाठी पंख्याखालची जागा त्यानेच करून दिली होती. एकदा तो हसत म्हणाला, "बाई, तुमचा हात माझ्या मागच्या भिंतीकडे फार जातो हो."

"सर, वाक्याला कर्ता लागतो."

"लागतो ना. म्हणून तर व्याकरणात कर्मणी प्रयोग आहे," तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

निवडणूक जवळ आली होती आणि सरकारचं काही खरं दिसत नव्हतं. विशेषतः रुळांपलीकडच्या गोदामांच्या वस्तीत, जिथे काकांचा कारखाना आहे आणि जिथे आमच्यासारख्यांचे निम्मे नातेवाईक राहतात, तिथे सरकारच्या उमेदवाराला प्रचाराला शिरता येत नव्हतं. मतदार याद्यांत मेलेली माणसं जिवंत आणि जिवंत माणसं गायब असल्याची बोंब उठली होती. पेपरवाले रोज नवीन भानगड छापत होते.

आणि मग बस आगारात स्फोट झाला.

सकाळची गर्दीची वेळ होती. प्रतीक्षालयातल्या बाकाखाली काहीतरी ठेवलं होतं. मी कामावर जायला निघाले होते, आवाज माझ्या पायांतून आला. आमच्या इमारतीतली तळमजल्यावरची नर्स त्या दिवशी रुग्णालयातून परत आली ती दोन दिवस बोलली नाही. मेलेल्यांत आगारात गाड्यांच्या घोषणा करणारी बाई होती, तिचा आवाज सगळ्या शहराला पाठ होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सरकारचा राग आला की लोक म्हणायला लागले, स्फोट असा झालाच नाही, सगळं नाटक होतं. नाटक नव्हतं. रक्त खरं होतं. खोटं सुरू झालं ते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

रोज दुपारी प्रवक्ता धोक्याची पातळी सांगू लागला. आज मध्यम, आज तीव्र, आज अतितीव्र. कोणाकडून धोका, कुठे, कशाचा, ते गुप्त. ताईला वाटे, आपण हवेत हात मारतोय. 'धोका' या खुणेला एक टोक लागतं. तो कुठून तरी येतो आणि कोणावर तरी जातो. तिने एकदा प्रवक्त्याला विचारलंसुद्धा, "सर, धोका कुठून दाखवू?" तो म्हणाला, "सगळीकडून दाखवा."

तिने तो सगळीकडून दाखवला. डोक्याभोवती, खांद्यांमागून, खालून. काका टीव्हीसमोर बसून बघत होते. संध्याकाळी ते मला म्हणाले, म्हणजे हातांनी म्हणाले, "बॉम्ब एकदाच फुटला. ही भीती मात्र चमच्याने पाजतायत. जेवणानंतर, न चुकता."

काकांनी आणखी एक गोष्ट हेरली. ज्या दिवशी पेपरात मतदार याद्यांची भानगड यायची, त्याच दुपारी पातळी चढायची. भानगड मोठी, तर पातळी मोठी. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर पातळी, आणि याद्या आतल्या पानावर, साबणाच्या जाहिरातीखाली. मी म्हटलं, "काका, योगायोग असेल." ते माझ्याकडे बघत राहिले. बहिऱ्या माणसाचं नुसतं बघणं फार मोठं बोलणं असतं.

शहर हळूहळू बदललं. चौकाचौकांत बंदूकवाले आले. आधी आपण त्यांच्याकडे बघायचो, मग बघेनासे झालो. बसमध्ये पाटी लागली, 'संशयास्पद काही आढळल्यास कळवा.' लोक एकमेकांच्या पिशव्यांकडे बघू लागले. आणि एका दुपारी प्रवक्त्याने सांगितलं की गोदामांच्या वस्तीतली मतदान केंद्रं मतदारांच्या सुरक्षेसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्रीडांगणात हलवण्यात आली आहेत. ताईने नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीकडे हात नेला, वस्ती उचलली आणि लांब नेऊन ठेवली. प्रवक्ता तेव्हा हसला नाही.

त्यानंतर मिश्याला धरलं.

मिश्या म्हणजे काकांच्या शेजारच्या बाकावर सोफे शिवणारा कारागीर. तोही बहिराच. बहिऱ्यांत माणसाला नाव ठेवायचं ते खुणेने. हा तरुण असताना भरघोस मिशा ठेवायचा, म्हणून ओठावर मिशी पिळायची खूण म्हणजे तो. मिशी काढून पुढे टक्कल पडलं तरी नाव तेच. बहिऱ्यांच्या क्लबात पत्ते खेळताना हरला की रुसायचा. ताईला लहानपणी त्याने सोफ्याच्या उरलेल्या कापडाची दप्तरं शिवून दिली होती.

त्या दिवशी ताई नेहमीच्या जागी उभी होती. समोर छोटा पडदा असतो, त्यावर तिला प्रक्षेपण दिसतं. प्रवक्ता म्हणाला, "आगारातील स्फोटप्रकरणी एका महत्त्वाच्या संशयिताला ताब्यात घेण्यात आलं आहे." आणि पडद्यावर मिश्याचा फोटो आला.

ताईचे हात हवेत राहिले. क्षणभरच. प्रवक्ता पुढे गेला होता. "सदर इसम आगाराच्या परिसरात संशयास्पदरीत्या वावरताना आढळला. पोलिसांनी थांबण्याचा वारंवार इशारा देऊनही तो थांबला नाही. चौकशीत त्याने आतापर्यंत एक शब्दही उच्चारलेला नाही. त्याला यासाठी खास प्रशिक्षण मिळालं असावं, असा कयास आहे."

आणि तिने ते सांगितलं. आपल्या पदरचं घातलं नाही, दुसऱ्याचं गाळलं नाही. 'थांबा म्हणून ओरडले, तो थांबला नाही.' 'विचारलं, तो बोलला नाही.' मला म्हणाली, "माझे हात चालत होते आणि मी त्यांच्याकडे दुसऱ्या कोणाचे असावेत तशी बघत होते."

घरी काका दारातच उभे होते. मी त्यांना इतकं रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते कारखान्यात चौकशी करून आले होते. मिश्या आगारात गेला होता तो बसने आलेला रेक्झिनचा गठ्ठा सोडवायला. दर आठवड्याला जायचा. मागून कोणी ओरडलं, त्याला काय कळणार? चालत राहिला.

"आणि तू सांगितलंस तो बोलत नाही!" काकांनी तिच्यावर बोट रोखलं. "तू! तुझ्या दप्तराला त्याने शिवण घातलीय!"

"तुम्हीच म्हणाला होतात, आपलं घालायचं नाही."

काकांचे हात खाली आले. मग त्यांनी इतकंच सांगितलं, "मग ज्याचं वाक्य आहे त्याला जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर गेली. प्रवक्ता आपल्या खोलीत आरशासमोर टाय बांधत होता. तिने दार लावून घेतलं.

"सर, काल ज्याचा फोटो दाखवला तो माणूस जन्माचा बहिरा आहे. थांबला नाही कारण त्याला ऐकू आलं नाही. बोलत नाही कारण तो हातांनी बोलतो. आणि त्याचे हात पाठीमागे बांधले असतील ना?"

प्रवक्ता आरशातून तिच्याकडे बघत राहिला. "तुम्ही ओळखता त्याला?"

"माझ्या वडिलांच्या शेजारी बसून काम करतो. आमच्या क्लबात येतो. बेड्या पुढून घाला म्हणावं, आणि मला तिथे न्या. मी विचारते, तो सांगेल सगळं."

"क्लब?"

"बहिऱ्यांचा आहे. कारखान्याच्या मागे. पत्ते खेळतात, गप्पा मारतात."

"बरं झालं सांगितलंत," प्रवक्ता म्हणाला. त्याने टायची गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "खरंच, बरं झालं सांगितलंत. ही माहिती योग्य ठिकाणी पोचेल."

ताई मला नंतर म्हणाली की त्या क्षणी तिला इतकं हलकं वाटलं, की ती बाहेर येऊन जिन्यात रडली. माणसं ऐकतात, असं तिला वाटलं. फक्त कोणीतरी सांगायला हवं असतं.

माहिती योग्य ठिकाणी पोचली. दुपारी हॉल खचाखच भरला होता. प्रवक्ता उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "स्फोटप्रकरणी तपासाला मोठं यश मिळालं आहे. हा संशयित एकटा नाही. गोदामांच्या वस्तीत एका क्लबच्या आडोशाने एक गट नियमित भेटत होता. विशेष म्हणजे हे लोक आपसांत सांकेतिक भाषेत संपर्क साधत होते, जेणेकरून त्यांचं बोलणं कोणालाही ऐकता येऊ नये."

एकही शब्द खोटा नव्हता. कॉलेजात भाषा शिकवलेला माणूस. ताईच्या पदाचं नाव त्याने उचललं होतं आणि उलटं करून लोकांसमोर ठेवलं होतं.

ताईने हात खाली सोडले.

मग तिने तोंड उघडलं. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता; कित्येक बातमीदारांना तीच बहिरी आहे असं वाटायचं. ती मोठ्याने म्हणाली, "सांकेतिक भाषा म्हणजे ही, सर. जी मी रोज इथे उभी राहून बोलते. तो माणूस बहिरा आहे. ती सगळी बहिरी आहेत. आज सकाळी मी तुम्हाला हे सांगितलंय. तुमच्या खोलीत."

हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रवक्ता तिच्याकडे वळला. चेहऱ्यावर काळजी, अगदी खऱ्यासारखी. "बाईंना बरं वाटत नाहीये," तो म्हणाला. "कोणीतरी पाणी आणा." दोन माणसं आली आणि तिला दंडाला धरून बाजूच्या दाराने घेऊन गेली. घरोघरी पडद्यावर बोधचिन्ह आलं आणि त्यामागे संथ संगीत.

आता यातली गंमत बघा, गंमतच म्हणायची तर. ताईपुढे माईक नव्हता. तिला कधी लागलाच नव्हता. त्यामुळे ऐकणाऱ्यांना घरी नुसती पुटपुट ऐकू आली. आणि ज्यांच्यासाठी ती तिथे उभी होती त्यांना काय दिसलं? खिडकीतल्या ताईचे हात लोंबतायत आणि ओठ हलतायत. काका टीव्हीच्या काचेला नाक लावून बसले होते. त्यांना एक अक्षर कळलं नाही.

"ओठांनी का बोललीस?" ती घरी आल्यावर त्यांनी विचारलं. रागाने नाही. "आम्ही सगळे बघत होतो. आम्हाला काय सांगत होतीस?"

तिने सगळं पुन्हा हातांनी सांगितलं, स्वयंपाकघरात उभं राहून. काकांनी ते पूर्ण बघितलं आणि मग तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले. बहिऱ्या माणसाने हात धरले की बोलणं संपतं.

नोकरी त्याच दिवशी गेली. फोनवर कळवण्यात आलं. कोणी कळवलं, ते वाक्यात नव्हतं. त्या हॉलमधल्या एका बातमीदार मुलीने आपल्या फोनवर सगळं टिपलं होतं. तिने ते बाहेर सोडलं आणि एक-दोन दिवस ते सगळीकडे फिरलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मग सरकारने निवेदन काढलं की सदर चित्रफीत छेडछाड केलेली असून निवडणुकीत अपप्रचार करण्यासाठी परकीय शक्तींनी ती पसरवली आहे. आमचा किराणावाला मला म्हणाला, "ती तुमची ताई नव्हतीच म्हणे. संगणकावर बनवलेली होती."

"अहो, ती माझी बहीण आहे. माझ्या डोक्यावर राहते."

"तुम्हाला तसं वाटणारच ना," तो म्हणाला आणि साखर तोलू लागला. त्याने माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. तेव्हा मला कळलं, त्याचा त्यावर विश्वास बसला आहे असंही नाही. त्याला फक्त सोपं पडेल ते म्हणायचं होतं.

क्लबला सील ठोकलं. बहिरी माणसं बसमध्ये हात खिशात घालून बसू लागली. दोन बायका फलाटावर बोलत होत्या, म्हणजे हातांनी, तर लोकांनी पोलिसांना बोलावलं. काका कारखान्यात जाताना रस्ताभर हात पाठीमागे बांधून चालायचे, स्वतःच, न सांगता.

मतदानाच्या दिवशी मी आणि ताई काकांना घेऊन क्रीडांगणात गेलो. रांग फाटकाबाहेर रस्त्यावर वळसे घालत गेलेली. वस्तीतली माणसं सकाळपासून येत होती, पिशव्या उघडून दाखवत होती, परत जात होती. आत केंद्राचे नंबर कर्ण्यावरून पुकारत होते आणि पुकारलेल्याने लगेच पुढे व्हायचं होतं. मागे फळीच्या भिंतीजवळ कारखान्यातले सात-आठ जण उभे होते. त्यांचा नंबर केव्हाच पुकारून झाला होता. ताई धावत त्यांच्याकडे गेली आणि पुढे होऊन हातांनी सांगू लागली, तर एक शिपाई आडवा आला.

"इथे खाणाखुणा करायच्या नाहीत."

"त्यांना ऐकू येत नाही हो. मी नंबर सांगतेय."

"मला सूचना आहे. खाणाखुणा नाहीत."

तो तरुण होता आणि घाबरलेला होता, हे मला त्याच्या बंदुकीवरच्या बोटांवरून दिसत होतं. म्हणून आम्ही जास्त बोललो नाही. काकांचं मत पडलं. बाकीचे उभे राहिले, आणि मग फाटक बंद झालं. संध्याकाळी वाहिनीवर सांगितलं, मतदान शांततेत पार पडलं. सरकार परत आलं, अगदी थोडक्या मतांनी. गोदामांच्या वस्तीतून नेहमीच्या निम्मंसुद्धा मतदान झालं नव्हतं. प्रवक्ता म्हणाला, उदासीनता.

निकालानंतर धोक्याची पातळी सांगणं बंद झालं. कधी उतरली ते कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. आगारात बॉम्ब कोणी ठेवला हे आजपर्यंत ठाऊक नाही. सरकारनेच ठेवला असं म्हणणारे लोक आहेत. मी त्यांतली नाही. मला ठाऊक नाही ते मी सांगणार नाही. मला एवढंच दिसतं की ज्याने ठेवला त्याला कोणी शोधतच नव्हतं. मिश्या सापडल्यावर गरज उरली नव्हती.

मिश्याला थंडी सरता सरता सोडलं. एका दुपारी तो चालत कारखान्यात आला आणि आपल्या बाकावर बसला. प्रवक्ता त्याबद्दल काही बोलला नाही. बेड्या मागून घालून त्याला इतके दिवस ठेवलं होतं की त्याच्या उजव्या हाताची बोटं पुरती उघडत नाहीत. शिवण जमते कशीबशी. बोलणं मात्र अडखळतं. समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. ताई रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसू लागली, बोटं चोळून द्यायला आणि त्याचं बोलणं पुन्हा ओळखीचं करून घ्यायला.

त्यानेच तिला हळूहळू सांगितलं. पहिले दोन दिवस नुसता मार होता. मग, ताई प्रवक्त्याला भेटली त्याच्या दुसऱ्या दिवशी, एक माणूस आला. सभ्य, सुती सदरा. त्याने बेड्या काढायला लावल्या आणि हातांनी बोलू लागला. छान बोलायचा. घरात शिकलेल्यासारखा. मिश्याला इतका आनंद झाला की तो बोलतच सुटला. त्या माणसाने स्फोटाबद्दल फारसं विचारलंच नाही. क्लबात कोण येतं, काय बोलतात, मत कोणाला देणार, आणि ती खिडकीतली बाई बातम्या सांगताना काही मुद्दाम वेगळं सांगते का, हे विचारलं. भिंतीकडे हात का नेते? असं. सगळं विचारून झालं की तो बेड्या परत मागून घालायला सांगायचा.

उन्हाळ्यात क्लबचं सील निघालं. पहिल्या रविवारी सगळे जमले. मीही ताईबरोबर गेले होते. दाराला घंटेऐवजी दिवा आहे; बाहेरून बटण दाबलं की आत पिवळा दिवा उघडमीट करतो. जाळीजळमटं काढून झाली होती, पत्त्यांचा डाव बसला होता, काका कोणालातरी लांबलचक काहीतरी सांगत होते. दिवा लागला. कोणीतरी दार उघडलं.

आत सुती सदऱ्यातला एक माणूस आला. हसून सगळ्यांना नमस्कार केला आणि हातांनी सांगितलं की आपण जन्मापासून बहिरे आहोत, दुसऱ्या गावाहून बदली होऊन आलोय, इथे कोणाची ओळख नाही, सभासद व्हायचंय. खरंच सुंदर बोलत होता. मावशी बोलायची तसं.

मी मिश्याकडे बघत नव्हते, ताई बघत होती. मिश्याने हातातले पत्ते पालथे टाकले आणि दोन्ही हात मांडीवर, टेबलाखाली नेले. चेहरा पांढराफटक. त्याने कोणाला काही सांगितलं नाही. गरजच पडली नाही. बहिरी माणसं चेहरे वाचूनच मोठी झालेली असतात. एकामागून एक त्या खोलीतले सगळे हात खाली गेले. काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. मी इतकी शांतता आयुष्यात पाहिली नाही. हो, पाहिली असंच म्हणायला हवं.

तो माणूस हसतच उभा होता. मग ताई उठली. तिने एक खुर्ची ओढून त्याच्यापुढे ठेवली आणि स्वतः त्याच्या समोर बसली. हात छातीपुढे घेतले आणि मोठ्या, स्वच्छ खुणांनी, खोलीतल्या प्रत्येकाला दिसेल असं विचारलं, "एवढं छान कोणाकडून शिकलात?"

तो जरा थांबला. "आईवडिलांकडून."

"माझंही तसंच," ताई म्हणाली. "ते आहेत अजून?"

"आई आहे."

"तिला माहीत आहे, तुम्ही काय काम करता?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, फक्त डोळ्यांतून उतरलं. तो चहा येईपर्यंत थांबला, चहा प्याला, कप जागेवर नेऊन ठेवला, वर्गणी भरली आणि पुढच्या रविवारी येतो म्हणून गेला.

तो येतो. दर रविवारी येतो, वेळेवर. त्याला कोणी हाकलत नाही, कारण हाकललं तर दुसरा येईल आणि तो ओळखूही येणार नाही. माणसं आता क्लबात हवापाण्याचं बोलतात, पत्ते खेळतात, हात छोटे करून, पोटाजवळ. ताई एकटीच त्याच्या समोरच्या खुर्चीत बसते आणि सगळ्या आठवड्याच्या बातम्या पूर्वीसारख्या मोठ्या हातांनी सांगते, कोणी केलं आणि कोणाला केलं ते दाखवून. मी तिला म्हटलं, "ताई, अगं तो सगळं वर कळवत असेल."

"कळवू दे," ती म्हणाली. "फक्त कर्ता गाळू नको म्हणावं."

काल ती आली तेव्हा जिन्यातला दिवा बदलायला आलेला माणूस तिच्या दारासमोर शिडी लावून उभा होता. आम्ही कोणी त्याला बोलावलं नव्हतं. जुना दिवा चालू होता.